क्षमेचा कागद आणि इंद्रायणीचा डोह

सज्जनहो, तुकोबारायांच्या चरित्रातला कर्जखतांचा प्रसंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकला आहे. घरात वडिलोपार्जित सावकारी होती. दुष्काळाने माणसे खचली होती आणि त्यांच्या सह्या-अंगठ्यांची खते महाराजांच्या घरात पडून होती. तुकोबांनी त्या खतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांना दिला आणि आपला वाटा इंद्रायणीच्या डोहात सोडून दिला, असे परंपरा सांगते. त्या दिवशी देणेकरी सुटले, आणि त्यांच्या आधी घेणेकरी सुटला.

याच्या शंभरएक वर्षे आधी, इथून हजारो कोस दूर जर्मनीत, लोक नेमके उलटे करीत होते. सुटण्यासाठी ते कागद विकत घेत होते. आज त्या कागदाची हकिकत तुमच्यापुढे ठेवायची आहे. दुसऱ्या धर्माची म्हणून ती कानाआड करू नका. ऐकता ऐकता ती आपल्या गळ्यातल्या माळेपर्यंत येते.

सुरुवात एका शब्दापासून करू. येशू ख्रिस्ताच्या उपदेशाचा आरंभ ज्या हाकेने होतो, तिच्यात दोन गोष्टी आहेत: पश्चात्ताप आणि विश्वास. त्याच्या आधी योहान यार्देन नदीच्या काठी उभा राहून लोकांना हेच सांगत होता. मूळ ग्रीक ग्रंथात यासाठी ‘मेटानोइया’ असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ मन पालटणे. केलेल्या पापाबद्दल हळहळणे एवढाच तो अर्थ नाही. ज्या दिशेने चाललो होतो त्या दिशेकडे पाठ करून देवाकडे तोंड करणे, हा त्यातला भाव. आपले संत ज्याला अनुताप म्हणतात, त्याच्या हा शब्द फार जवळचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट येते. लोकांना लुबाडून तो श्रीमंत झाला होता. ख्रिस्त त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. गावाने नाके मुरडली. जक्कय मात्र उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत करतो. त्याला कोणी दंड सांगितला नव्हता. मन पालटले आणि हात आपोआप सैल झाला. देहूचा डोह आठवला ना? तुकोबा कोणाला लुबाडणारे नव्हते, जक्कय होता. पण सुटण्याची रीत दोघांची एकच.

आरंभीच्या काळात ख्रिस्ती होणे सोपे नव्हते. बाप्तिस्म्याआधी माणसाची दीर्घ तयारी करून घेत, कुठे कुठे ती तीन वर्षे चाले. तो विधवांना मदत करतो का, आजाऱ्यांकडे जातो का, हे पाहिले जाई. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास आणि प्रार्थना यांचा नेम चौथ्या शतकात रूढ झाला. वसईकडचे आपले ख्रिस्ती शेजारी आजही राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तो काळ सुरू करतात. आपण चातुर्मासाचा नेम धरतो, तसाच हा नेम. आधी भांडे घासायचे, मग त्यात दूध घ्यायचे.

बाप्तिस्म्यानंतर कोणाच्या हातून घोर पाप घडले, तर त्याला सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि तेही आयुष्यात एकदाच. त्यात राजा आणि रंक असा भेद चालत नसे. इ.स. ३९० मध्ये थेस्सलोनिका शहरात दंगल होऊन रोमन सेनाधिकारी मारला गेला. सम्राट थिओडोसिअसच्या सैनिकांनी सूड म्हणून हजारो माणसे कापली. तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहिले की हे पाप अश्रूंनीच धुवावे लागेल, आणि तू असताना मला वेदीवर अर्पण करता येणार नाही. साम्राज्याचा धनी राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये लोकांसमोर रडला. पाच वर्षांनी तो वारला, तेव्हा अँब्रोज यांनी त्याच्या याच नम्रतेचा गौरव केला.

आता पाहा, इतके तेजस्वी साधन हळूहळू कसे घसरते. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठांतील साधूंनी एक चांगली सोय केली. चारचौघांत लाज वाटते म्हणून माणसे प्रायश्चित्त मरणापर्यंत लांबवीत. त्याऐवजी एकांतात कबुली द्यावी, आणि ती पुन्हा पुन्हाही देता यावी, असे ठरले. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे, याच्या याद्या तयार झाल्या. हेतू दयेचा होता. पण यादी झाली की हिशेब येतो, आणि हिशेब आला की सवलत मागितली जाते. उपवास झेपत नसेल तर त्याबदली स्तोत्रे म्हणा, तेही जमत नसेल तर दान द्या, असे पर्याय निघाले. धनवान लोक आपल्या वाटचा उपवास दुसऱ्याकडून करवून घेऊ लागले!

शब्दानेही यात हातभार लावला. लॅटिन बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानातील ‘मन पालटा’ या हाकेचे भाषांतर असे झाले की लोकांच्या कानाला ते ‘प्रायश्चित्त करा’ असे ऐकू येई. अंतःकरणात घडायची गोष्ट एक उरकायचा विधी झाली.

मग क्षमापत्रे आली. शास्त्राने या पत्रांना मर्यादा घातली होती. कबुली दिल्यावर उरणारी शिक्षा तेवढी त्यांनी माफ व्हावी, पाप नव्हे. पण बाजारात शास्त्र कोण ऐकतो? १५१७ च्या सुमारास योहान टेट्झेल हा प्रचारक जर्मनीत गावोगाव हिंडून ही पत्रे विकत होता. रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पैसा हवा होता, आणि माइन्त्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांचे कर्जही त्यातूनच फिटायचे होते. मेलेल्या आईबापांची सुटका होईल या आशेने गरीब माणसे गाठीचा पैसा सोडत.

विटेनबर्ग गावात मार्टिन ल्यूथर हा साधू आणि अध्यापक होता. तो लोकांच्या पापांची कबुलीही ऐकत असे. टेट्झेलला त्या राज्यात बंदी होती, म्हणून त्याच्या गावची माणसे हद्द ओलांडून पत्रे घेऊन येत. ज्याच्या हातात कागद आहे त्याला आयुष्य बदलण्याची निकड कशी वाटणार? ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आर्चबिशपला पत्र लिहिले आणि सोबत ९५ विधाने पाठवली. पहिल्याच विधानाचा आशय असा: ख्रिस्ताने पश्चात्ताप सांगितला तेव्हा त्याला भक्ताचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे अभिप्रेत होते. पुढे एका विधानात तो म्हणतो की गरिबाला देणे हे क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा चांगले.

पण सज्जनहो, तिसरे विधान मला अधिक मोलाचे वाटते. आतला पश्चात्ताप बाहेर आचरणात उतरला नाही तर तोही फोल, असे तो सांगतो. म्हणजे बाह्य साधन टाकून द्या, उपवास सोडा, असा त्याचा अर्थ नाही. झाडाला फळ हवेच, पण फळ बाजारातून आणून फांदीला बांधायचे नाही.

पुढच्या वर्षी आपल्या वडिलधाऱ्या गुरूला, श्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात ल्यूथरने मन मोकळे केले. पूर्वी पश्चात्ताप या शब्दाइतका कडू शब्द त्याला शास्त्रात दुसरा नव्हता. गुरूंनी सांगितले की खरा पश्चात्ताप देवावरच्या प्रेमातून सुरू होतो. पुढे इरॅस्मस यांनी १५१६ मध्ये छापलेला मूळ ग्रीक ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला आणि ‘मेटानोइया’चा अर्थ उलगडला. तोच शब्द त्याला गोड लागू लागला. भीतीचा अनुताप माणसाला देवापासून लपवतो, प्रेमाचा अनुताप त्याला घरी आणतो. या वादातून चर्च दुभंगले, ते दुःख मोठे. मात्र रोमच्या चर्चनेही पुढे आपले घर झाडले. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये या पत्रांचा पैसा गोळा करणाऱ्यांचे पदच बंद केले.

त्याच शतकात हा उपदेश आपल्या किनाऱ्यावर आला. गोव्यात साष्टीमधली देवळे पोर्तुगीज अमलात पाडली गेली, हे आपण विसरू शकत नाही. मन पालटण्याचा संदेश घेऊन आलेल्यांना मन सक्तीने पालटत नाही हे कळू नये, हा इतिहासाचा कडवट भाग आहे. पश्चात्ताप जसा विकत मिळत नाही, तसा तो लादताही येत नाही. त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ. सत्तेला जे जमले नाही, ते आपल्या ओवीला जमले. परकी कथाही तिने मायेने कडेवर घेतली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग सोडला नाही, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असे ते सांगत. त्यांची वाट त्यांच्यापाशी, आपली वाट पंढरीची. पण पूल देहूचा होता, हे ऐकून आपली मान ताठ होण्याऐवजी झुकायला हवी.

कारण आता प्रश्न आपल्याकडे वळतो. दिंडीत शेजारचा विचारतो, ‘माउली, यंदाची कितवी वारी?’ आपण आकडा सांगतो. सांगताना आवाजात किंचित ताठा येतो का? एकादशी सोडत नाही, चंद्रभागेचे स्नान चुकत नाही, हे फार चांगले, ते चुकू नयेच. पण घरी परतल्यावर बांधाच्या हातभर जमिनीवरून सख्ख्या भावाशी अबोला तसाच चालू असेल, तर ती वारी आपण क्षमापत्रासारखी खिशात घालून आणली असे होईल. ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे मन तुझ्यामुळे दुखावले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. पांडुरंगालाही याहून वेगळे काय हवे असेल? तो तर युगे युगे विटेवर उभा आहे. आपल्याला भावाच्या दारी जाऊन यायला लागेल तेवढा वेळ तो नक्की थांबेल.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी दुराचाऱ्यालाही दार उघडे ठेवले आहे, आणि माउलींनी ते आपल्यासाठी मराठीत आणखी रुंद केले. आत जायला पैसा लागत नाही, कागद लागत नाही. मात्र हातातला कागद खाली ठेवावा लागतो. कोणाचे येणे असेल, कोणाचा जुना अपमान असेल, कोणाची चूक आपण घडी करून जपून ठेवली असेल. येत्या एकादशीला फराळाआधी तेवढे एकदा शोधून पाहा. सापडले, तर इंद्रायणी फार लांब नाही.

॥ रामकृष्ण हरि ॥