दारावरचा बिल्ला

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १८६२ साली एक पोलीस कायदा झाला आणि त्यानंतर गरीब वस्तीतल्या घरांच्या दारांवर पत्र्याचे छोटे बिल्ले दिसू लागले. बिल्ल्यावर दोनच गोष्टी नोंदवायच्या होत्या: घर आतून किती घनफूट आहे आणि त्यात किती मोठ्या माणसांनी झोपायचं. अशा घरांना गावात ‘टिकेटेड हाऊस’ म्हणत. भाड्याच्या खासगी घरांवर नगरपालिकेचा अंमल बसवण्याचे जे पहिले मोठे प्रयत्न झाले, त्यात या बिल्ल्याचं नाव घ्यावं लागतं. आज ब्रिटनमध्ये घर भाड्याने द्यायला अनेक ठिकाणी नगरपालिकेचा परवाना लागतो. तिथपर्यंत पोचायला दीडशे वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी वर्षं ज्याच्यावर बडगा उगारायचा त्याला सोडून भलत्यालाच धरण्यात गेली.

१८०१ साली ग्लासगोची वस्ती सुमारे ७७ हजार होती. साठ वर्षांत ती चार लाखांच्या घरात गेली. कापसाच्या गिरण्या, मग लोखंड, मग जहाजबांधणी. कामाच्या ओढीने माणसं येत राहिली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून जमिनीवरून हुसकावलेले आले, आयर्लंडमधून १८४०च्या दशकातल्या दुष्काळात उपाशी मरणारे आले. गावात घरं होती तेवढीच. मग मालकांनी सोपा मार्ग काढला. सुखवस्तू लोक पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत गेले होते. त्यांच्या मागे राहिलेल्या मोठ्या घरांत लाकडी आडभिंती घालून एकेका खोलीचं एकेक घर केलं. जुन्या घरांच्या परसात, अंगणात, जिथे म्हणून जागा दिसली तिथे नव्या इमारती उठवल्या. उजेड आणि वारा दोन्ही बंद.

एका खोलीच्या घराला तिथे ‘सिंगल एंड’ म्हणत. खोलीच्या एका भिंतीत खोबण असे, त्यात पलंग. रात्री त्या पलंगाखालून चाकांवरचा दुसरा पलंग बाहेर ओढायचा. चूल तिथेच, कोळसा तिथेच, धुणं वाळत घालायचं तेही तिथेच. पाणी आणि संडास जिन्यावर किंवा अंगणात, सगळ्यांत मिळून. गिरगाव-परळच्या चाळीत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की चाळीला निदान गॅलरी असते, बाहेर बाज टाकता येते. ग्लासगोच्या थंडीत सगळी माणसं दार लावून आतच.

१८६२च्या कायद्याने पालिकेला अधिकार दिला तो असा: घर तीन खोल्यांपर्यंतचं आणि दोन हजार घनफुटांच्या आतलं असेल, तर ते मोजायचं आणि दारावर बिल्ला लावायचा. मोठ्या माणसाला ३०० घनफूट हवा, लहान मुलाला त्याच्या निम्मी. १८९० साली हा हिशेब ४०० आणि २०० घनफुटांवर नेला. म्हणजे बाराशे घनफुटांच्या खोलीत पूर्वी चार जण कायद्याने झोपू शकत होते, ते एका रात्रीत तीन झाले. खोली तीच, कुटुंब तेच.

हवेचा हिशेब का, याचं उत्तर त्या काळच्या वैद्यकात आहे. रोग कुबट हवेतून येतो, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. ग्लासगोला टायफसने पुन्हा पुन्हा झोडपलं होतं आणि तो दाटीवाटीच्या घरांतच फोफावतो, हे सगळ्यांना दिसत होतं. टायफस उवांमुळे पसरतो हे १९०९ साली सिद्ध झालं. एकाला एक चिकटून झोपणाऱ्या माणसांत उवा पसरणारच. तेव्हा कारण चुकीचं असलं तरी उपायाची दिशा अगदीच चुकीची नव्हती.

बिल्ला नुसता ठोकून भागणार नव्हतं. आत किती माणसं आहेत हे पाहायला रात्रीच जावं लागे. पालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर साधारण रात्री साडेअकरा ते पहाटे पाच या वेळात फिरत. अंधाऱ्या जिन्यावरून कंदील घेऊन वर चढायचं, दार ठोठावायचं, बिल्ल्यावरचा आकडा पाहायचा आणि झोपलेली डोकी मोजायची. दाराबाहेर पावलं वाजली की आत धांदल उडे. पोटभाडेकरू पलंगाखाली सरके, कोणी भिंतीतल्या कपाटात शिरे, कोणी कपाटाच्या माथ्यावर चढून अंग चोरून पडे. काही जण थेट छपरावर जात. इन्स्पेक्टरांनाही या जागा पाठ झालेल्या असत. ते पलंगाखाली वाकून बघत, कपाट उघडत. माणूस जास्त सापडला की पोलीस कोर्टात खटला आणि दंड.

पुण्याच्या वाचकाला इथे १८९७ सालच्या प्लेगची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. रँड या प्लेग अधिकाऱ्याच्या हाताखालचे सोल्जर घरात शिरून झडत्या घेत होते, त्या संतापातून पुढे रँडचा खून झाला हे महाराष्ट्र जाणतो. ग्लासगोत शिरणारे गोरे सोल्जर नव्हते, त्याच गावचे नोकर होते. पण मध्यरात्री परका माणूस आपल्या बायकापोरांच्या अंथरुणाशी उभा राहतो, हा अपमान त्या कुटुंबांना चुकला नाही, आणि तोही एखाद्या साथीपुरता नव्हे, कित्येक दशकं.

१८८०च्या दशकात शहरात बिल्ला लावलेली घरं तेवीस हजारांवर गेली होती. त्यातली सोळा हजारांहून जास्त घरं एका खोलीची. सुमारे ७५ हजार माणसं अशा घरांत राहत होती. एवढ्या माणसांच्या झोपेवर सरकारी पहारा होता, आणि त्या खोल्यांचं भाडं खाणाऱ्यांवर मात्र जवळजवळ काहीच नाही. घरमालक स्वतः बहुधा दिसतच नसे. त्याच्या वतीने ‘फॅक्टर’ नावाचा अडत्या भाडं गोळा करी, भाडं थकलं की सामान रस्त्यावर काढी. भाडेकरू पोटभाडेकरू का ठेवत होता? एकट्याच्या पगारात भाडं भागत नव्हतं म्हणून. जादा माणूस सापडला की कोर्टात उभा राहायचा तो बहुतेक हाच भाडेकरू, नाहीतर त्याची बायको.

दुसरी वाट माहीत नव्हती असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १८५१ सालीच लॉर्ड अ‍ॅश्ली, म्हणजे पुढचे लॉर्ड शाफ्ट्सबरी, यांनी मुसाफिरांच्या स्वस्त लॉजिंग हाऊसबद्दल कायदा करून घेतला होता. तिथे नोंदणी लॉज चालवणाऱ्याची, तपासणी त्याच्या जागेची, आणि वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, भिंतींना चुना लावायची जबाबदारीही त्याचीच. जो पैसा घेतो त्यानेच जबाब द्यायचा, हे तत्त्व तेव्हाच कागदावर आलं होतं. रात्रीपुरत्या खाटेला ते लागू झालं; महिन्याच्या भाड्याच्या खोलीला नाही. यामागे मालमत्तेचा दबदबा होता. पालिकेत निवडून येणारे आणि त्यांना निवडून देणारे, दोघंही घरमालकांच्याच वर्गातले.

बिल्ल्याच्या या व्यवस्थेच्या मर्यादा सर्वांत आधी ओळखल्या त्या तिच्याच मुख्य माणसाने. डॉ. जेम्स बर्न रसेल १८७२ ते १८९८ ग्लासगोचे आरोग्याधिकारी होते. १८८८ साली त्यांनी एका खोलीतल्या आयुष्यावर एक व्याख्यान दिलं. त्यांनी मांडलेला हिशेब आजही वाचवत नाही: पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी ३२ टक्के एका खोलीच्या घरात मरतात, पाच किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दोन टक्केसुद्धा नाहीत. मूल गेल्यावर मर्तिकापर्यंत त्याचा देह त्याच खोलीत राहतो आणि बाकीची भावंडं तिथेच जेवतात, झोपतात, खेळतात, हे त्यांनी श्रीमंत श्रोत्यांना स्वच्छ सांगितलं. आकडेवारीचा माणूस असून आकड्यामागचं मूल ज्याला दिसतं, असा अधिकारी कोणत्याही पालिकेला क्वचित लाभतो.

बिल्ल्याच्या जोडीला ग्लासगोने १८६६ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या विकत घ्यायच्या, पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे. त्यासाठी कर बसवला म्हणून लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर, जॉन ब्लॅकी यांना आपली जागाच गमवावी लागली. पाडण्याआधी त्या गल्ल्यांची छायाचित्रं टॉमस अ‍ॅनन यांच्याकडून काढून घेतली, ती आजही जगभर पाहिली जातात. पाडकाम झपाट्याने होई, बांधकाम रेंगाळे. हुसकावलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली इथे जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्यापुढे नमुना होता तो ग्लासगोचा. नमुन्याबरोबर त्याचा दोषही आला: मुंबईतही पाडलेल्या खोल्या आधी आणि नव्या चाळी मागाहून. प्लेगनेही दोन्ही शहरं जोडली. १९०० साली तो ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात उतरला. ३६ जणांना झाला, १६ गेले.

भाड्याचा प्रश्न शेवटी भाडेकरूंनीच ऐरणीवर आणला, आणि त्यातही बायकांनी. १९१५ साली युद्धाच्या कारखान्यांत कामगार लोटले, मालकांनी भाडी वाढवली. ग्लासगोच्या गोव्हन भागात मेरी बार्बर आणि शेजारणींनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं. सामान काढायला बेलीफ आला की घंटी वाजवून सगळ्या जणी जिन्यात गोळा होत आणि त्याच्यावर पिठाचे गोळे फेकत. नोव्हेंबरपर्यंत हजारो घरं संपात होती. १७ नोव्हेंबरला काही भाडेकरूंवर खटला उभा राहिला तेव्हा कामगारांचे जथे कोर्टापुढे जमले. सरकार नमलं आणि वर्ष संपण्याआधी भाडी गोठवणारा कायदा झाला. तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा आला.

पुढची साठेक वर्षं ब्रिटनमध्ये पालिकांनी स्वतः लाखो घरं बांधली आणि खासगी भाड्याचं घर मागे पडत गेलं. १९८० नंतर ती पालिकेची घरं विकायला निघाली. भाडेकरू पुन्हा खासगी मालकाच्या दारात आला आणि जुने प्रश्न नव्या कपड्यांत परतले. त्यांची झळ सर्वांत आधी लागली ती एका फ्लॅटमध्ये चार-सहा जणांनी मिळून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि बाहेरून आलेल्या कामगारांना. १९९९ साली ग्लासगोतच एका तळघरातल्या फ्लॅटला आग लागली आणि दोन विद्यार्थी गेले. खिडक्यांना गज होते. अशा घरांना परवाना सक्तीचा करायची मागणी त्याआधीपासून होती. या दोन मृत्यूंनंतर ती टाळता आली नाही. ऑक्टोबर २०००पासून स्कॉटलंडमध्ये एका कुटुंबातले नसलेले भाडेकरू एकत्र राहतात अशा घरांना पालिकेचा परवाना बंधनकारक होत गेला, आणि तो घ्यायचा मालकाने. आधी मालक ‘योग्य व्यक्ती’ आहे का हे पाहायचं, मग आगीची सूचना देणारी यंत्रणा, बाहेर पडायची वाट, गॅस, वीज.

इंग्लंडने २००४च्या गृहनिर्माण कायद्यात हाच रस्ता धरला. आज तिथे दोन किंवा अधिक कुटुंबांतले पाच किंवा त्याहून जास्त जण एका घरात स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून राहत असतील, तर परवाना लागतोच. शिवाय एखाद्या भागातल्या सगळ्याच खासगी भाड्याच्या घरांना पाच वर्षांसाठी परवाना लावायची मुभा पालिकेला आहे. पूर्व लंडनच्या न्यूहॅमने १ जानेवारी २०१३पासून आपल्या जवळपास अख्ख्या हद्दीला तो लावला. असं करणारी ती पहिली पालिका. मालक संघटना ओरडल्या की हा दुसरा करच आहे आणि तो भाड्यातच वसूल होईल. त्यांच्या दबावाला यशही आलं: २०१५पासून मोठ्या क्षेत्रावर अशी योजना आणायला मंत्र्यांची मंजुरी लागू लागली. ती अट २०२४च्या डिसेंबरमध्ये काढून टाकली.

परवान्याच्या घरात झोपायच्या खोलीचं किमान माप २०१८ साली ठरलं: एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट. आठ फूट उंचीचं छत धरलं तर साडेपाचशे घनफुटांच्या वर. १८६२चा आकडा तीनशेचा होता. दीडशे वर्षांत माणसाच्या वाट्याची हवा दुपटीलाही पोचली नाही. मात्र खोलीत माणसं जास्त झाली तर आता जाब मालकाला विचारला जातो. बिनपरवाना घर भाड्याने दिलं तर थेट तीस हजार पौंडांपर्यंत दंड करायचा अधिकार पालिकेला २०१७ साली मिळाला.

तरी रसेल यांच्या काळातला अवघड प्रश्न उरतोच. तपासणी झाली, दहा जणांच्या जागी पाचच ठेवायचा हुकूम निघाला, तर बाकीच्या पाचांनी रात्री कुठे जायचं? या भीतीने भाडेकरू तक्रारच करत नाहीत. इंग्लंडच्या कायद्यातली एक तरतूद म्हणूनच सर्वांत मोलाची वाटते: मालकाने परवाना घेतलेला नसेल तर भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊन भाडं परत मागू शकतो, आणि बारा महिन्यांची जुनी मुदत २०२५च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत वाढवली आहे. तक्रार करणाऱ्याच्या पदरात यात काही पडतं. लंडन, लेस्टर, कॉव्हेंट्रीत शिकायला जाणारी मराठी मुलं अशाच वाटून घेतलेल्या घरांत उतरतात. डिपॉझिट भरण्याआधी त्यांनी पालिकेच्या परवान्यांच्या यादीत तो पत्ता शोधावा. यादी कोणालाही पाहता येते.