गोमंतकातील खाणमाती, खाजणे आणि आदिवासींचे हक्क

गोव्याच्या खाणप्रश्नाची चर्चा बहुधा निर्यातीच्या आकड्यांपासून सुरू होते. इतिहासाभ्यासकाला मात्र आधी विचारावे लागते, की कोणाचा हक्क केव्हा कागदावर आला?

१९०६ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने खाणींचे परवाने बेमुदत देण्याची सोय केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजास जपानची मागणी वाढली आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील डोंगर झपाट्याने खणले जाऊ लागले. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. ती उतारांवर रचली जाई, पावसाळ्यात ओहोळांतून मांडवी व जुवारी नद्यांत उतरे आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाजणांत शिरे.

'खाजण' हा शब्द ठाणे-भिवंडीच्या खाडीकाठीही रूढ आहे. तेथे तो बहुधा भरतीचे पाणी चढणाऱ्या दलदलीचा वाचक आहे. गोव्यात मात्र बांध व 'मानस' नावाच्या झडपा घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीचा. या दोन अर्थांमधले अंतर मानवी श्रमाने भरलेले आहे, आणि आरंभीच्या श्रमिकांत परंपरा गावड्यांची गणना करते. तांबडा गाळ साचला, की शेत घट्ट होते व नदीचे पात्र उथळ होते.

१९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली, परवाने संपले नाहीत. १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून २० डिसेंबर १९६१ पासूनच खाणपट्टे मानले. गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले २००३ मध्ये. वनहक्क कायदा झाला २००६ मध्ये. डोंगराच्या नोंदीत खाणमालक त्यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी आला होता. शिवाय वनहक्क वनजमिनीपुरताच; खाली खाजणात बसलेला गाळ त्याच्या कक्षेत येत नाही.

२०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांपलीकडे गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१४ च्या निकालाने पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले आणि पट्ट्याबाहेर माती टाकणे बेकायदा मानले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. या निकालांचा भर मुदत व नूतनीकरण यांवर होता. आदिवासींचा भूमिहक्क हा त्यांचा मुख्य आधार नव्हता, हे विसरून चालणार नाही. २०२२ च्या अखेरीस खाणींचे लिलाव सुरू झाले. नव्या पट्ट्यांची मुदत पन्नास वर्षांची आहे.