नागपूर करार आणि कॉलेजचे दार



मेहकरच्या शाळेत पहिला येणारा मुलगा डॉक्टर होईल की नाही, हे त्याच्या अभ्यासावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जागा किती, त्या कोठे आणि त्यांवर पहिला हक्क कोणाचा, या तीन गोष्टी पुष्कळदा त्याच्या जन्माआधीच ठरलेल्या असतात. त्या कशा ठरल्या, हेच आज सांगावयाचे आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले १८४५ साली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९४७ साली. मध्ये १०२ वर्षे गेली. वऱ्हाडच्या मनात जी धास्ती होती, तिचे मूळ अशा अंतरात आहे. १९५३ साली आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मराठी मुलखाचे एक राज्य व्हावे म्हणून पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांनी त्या वर्षी २८ सप्टेंबरला नागपूर करार केला. मोठ्या भावाच्या घरात धाकट्याच्या ताटात काय पडेल, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. म्हणून करारात कलम आले की, धंदेशिक्षण व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांत प्रत्येक विभागाच्या विद्यार्थ्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश मिळावा.

वेतनाचे करार वाचण्यात आमची हयात गेली. त्यातून एक धडा आम्ही शिकलो. करारातला आकडा जाऊन त्याच्या जागी 'पुरेसा' किंवा 'योग्य' असा शब्द आला, की कामगाराने आपला खिसा चाचपून पाहावा.

१९५६ साली घटनेच्या सातव्या दुरुस्तीने ३७१वे कलम आताच्या वळणाचे झाले. त्यात राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची सोय आहे आणि तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेखही आहे. पण तोही साऱ्या राज्याच्या गरजा सांभाळून. लोकसंख्येचे प्रमाण तेथे उरले नाही. त्या कलमातली विकास मंडळे स्थापन व्हावयास १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

इकडे वैद्यकीय प्रवेशाचा नियम वेगळ्याच वाटेने गेला. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मूल शिकले, तेथल्याच महाविद्यालयात त्याला जागा, असे महाराष्ट्राचे धोरण होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी पूर्ण अडवणूक घटनेत बसत नाही. क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी फार तर ७० टक्के जागा राखता येतील, उरलेल्या ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या हव्यात. सत्तर-तीसचे सूत्र म्हणतात ते हेच.

येथे थोडे थांबून विचार करावा. करार बोलला होता माणसांच्या संख्येवर; नियम चालला महाविद्यालयांच्या जागेवर. कोठार ज्याच्या गावात, धान्य त्याचे! ज्या विभागात महाविद्यालये कमी, त्याच्या वाट्याला ७० टक्केही कमीच येणार. मराठवाड्याची तक्रार नेमकी हीच होती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते सूत्र रद्द केले. आता मेहकरच्या मुलीला मुंबईच्या जागेसाठी विभागाची आडकाठी नाही. तशीच मुंबईच्या मुलीला नागपूरच्या जागेसाठीही नाही. प्रश्नपत्रिका दोघींना एकच. पण त्या प्रश्नपत्रिकेपर्यंतची वाट? एकीला घराजवळ शिकवणीचे वर्ग. दुसरीच्या बापाने परगावची खोली, खानावळ आणि शिकवणी यांसाठी कर्ज काढावयाचे.

२०२४ साली बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु विभागाचा हक्क गेल्यानंतर ते दारात आले, हेही विसरू नये. इमारत आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून आत आपलीच मुले बसतील, असे आता नाही.

जुने सूत्र परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. त्याचा अन्याय वर सांगितलाच आहे. आमचे मागणे साधे आहे. दरवर्षी प्रवेश पुरे झाले की कोणत्या तालुक्यातून किती मुले-मुली आत गेल्या, याची यादी सरकारने प्रसिद्ध करावी, आणि ज्या तालुक्याचा रकाना रिकामा, तेथे विज्ञानाचे शिक्षक, प्रयोगशाळा आणि विनामूल्य मार्गदर्शन आधी पोहोचवावे. हजेरीपट भिंतीवर लागला, की कोण गैरहजर आहे ते कोणालाही वाचता येते. १९५३ च्या करारात असा हजेरीपट ठेवण्याची तजवीज नव्हती. ती आपण मागून घ्यावी.