मोटारगाडी, वऱ्हाडातील : मालकी आणि वापर

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत खाजगी चारचाकी बाळगणाऱ्या कुटुंबाला पडणारी कामे, खर्च आणि काळज्या यांची ही नोंद आहे. अमरावतीच्या गाडीचा क्रमांक एमएच-२७ ने आणि अकोल्याच्या गाडीचा एमएच-३० ने सुरू होतो. शेजारच्या बुलढाण्याला २८, यवतमाळला २९ आणि वाशीमला ३७ हे अंक मिळाले आहेत. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. रस्त्यावर एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची पाटी दिसली की पोरगा पुण्यात नोकरीला आहे, किंवा गाडी पुण्याहून सेकंडहँड आणली आहे, असे वऱ्हाडात धरून चालतात आणि बहुधा ते खरे निघते.

येथे गाडी घेण्याचा काळ पिकाशी बांधलेला आहे. सोयाबीन आणि कापसाचे पैसे हाती आले, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा उधळ्यात, म्हणजे उक्ता विकला गेला, की शोरूममध्ये गर्दी होते. दसरा, दिवाळी पाडवा आणि गुढीपाडवा हे गाडी घरी आणण्याचे ठरलेले मुहूर्त. वापराचे स्वरूप मुंबई-पुण्याहून वेगळे आहे. रोज कार्यालयात गाडीने जाणारे थोडे; गावातल्या गावात दुचाकी पुरते. चारचाकी निघते ती शेगावच्या दर्शनाला, चिखलदऱ्याला, लग्नाला, शेतावर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नागपूरच्या दवाखान्यात. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. म्हणजे महिनाभर अंगणात उभी असलेली गाडी एकदम काढायची आणि आजारी माणसाला बसवून तीन-चार तास न थांबता पळवायची, असा हा वापर आहे. वऱ्हाडातल्या गाडीच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या सवयीत आहे.

कायदा आणि तपासणी : डाव्या बाजूने वाहन चालवणे, परवाना, सक्तीचा विमा ही सारी चौकट ब्रिटिश अमदानीतून आली. ब्रिटनने १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा केला. भारताच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद झाली, पण विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. पुढे दोन्ही देशांच्या वाटा एका फार महत्त्वाच्या बाबतीत फुटल्या. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी आहे आणि १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिचे ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्या पंधरा वर्षांत पीयूसी काढणारा फक्त धूर मोजतो. ब्रेक आणि टायर सरकारी माणूस नियमितपणे पाहत नाही. गावोगाव फिरणाऱ्या काळी-पिवळी जीपला मात्र ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणी किती नीट होते हा वेगळा प्रश्न. पण कायद्याच्या नजरेखालून जाते ती भाड्याची जीप, घरची गाडी नव्हे. घरच्या गाडीची सुरक्षितता पंधरा वर्षे मालक आणि त्याचा मिस्त्री या दोघांच्याच हाती असते, आणि या भागात गाडी बाळगणाऱ्याने सर्वांत आधी हे मनाशी पक्के करायला हवे.

ऊन आणि टायर : अकोला हे देशातल्या अतिउष्ण शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी अकोला जिल्ह्यात महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचे कलम १४४ लागू केले होते. या उन्हात गाडीचे तीन भाग आधी थकतात : बॅटरी, रबरी नळ्या आणि टायर. बॅटरी थंडीत दगा देते असा समज आहे. तिचे आयुष्य खरे तर उन्हाळा खातो आणि हिवाळ्यातल्या सकाळी ते उघडकीस येते.

टायरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर रस्त्यावर चपटा होतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची कड दुमडते आणि सरळ होते. या सततच्या दुमडण्याने आतले रबर तापते. वरून डांबर तापलेले, आत पाच माणसे आणि सामान, वेग शंभराच्या पुढे. मग थर सुटतात. म्हणून उन्हाळ्यात हवा फुगते असे समजून ती मुद्दाम कमी ठेवणे, हा आपल्याकडचा सर्रास सल्ला, चुकीचा आणि धोक्याचा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने दिलेला आकडा असतो. हवा तेवढीच हवी, आणि ती सकाळी, टायर थंड असताना मोजायची. नायट्रोजन भरला काय की साधी हवा भरली काय, दाब बरोबर असणे महत्त्वाचे. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायरचे आयुष्य संपते. खाचेतल्या उंचवट्यावरून ते कळते. वऱ्हाडातल्या कमी धावणाऱ्या गाडीत मात्र नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारे होते. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून सहा-सात वर्षांचा, कडेला बारीक भेगा पडलेला टायर नागपूरच्या वाटेवर नेऊ नये. स्टेपनीचीही तीच गोष्ट. तिच्यातली हवा तर कोणी पाहतच नाही.

समृद्धी महामार्ग : नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. तो अमरावती जिल्ह्यातून धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर भागातून जातो. अकोला जिल्ह्याला तो शिवत नाही. अकोलेकर वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारकडून त्यावर चढतात. दुचाकी आणि ऑटोरिक्षा यांना तेथे बंदी आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या मार्गाने वऱ्हाडाचे अंतर खरोखर कमी केले आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण गावच्या रस्त्यावर साठ-सत्तरने चालणारी गाडी आणि तशीच सवय असलेला चालक या सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन् तास १२० ने जाऊ लागला, की जुन्या टायरची आणि अपुऱ्या झोपेची परीक्षा एकाच वेळी होते. वळण नाही, चढ नाही, गाव नाही. डोळे उघडे राहतात आणि लक्ष उडते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या वर्षी परिवहन विभागाने महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम घेतली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणे आणि मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावणे हे दोन उपाय बिनखर्चाचे आहेत. मागच्या सीटवरचा पट्टा नियमाने सक्तीचा आहे. लग्नाच्या गाडीत मात्र तो गादीखाली दडपलेला सापडतो.

जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, हा दोन्ही शहरांना जोडणारा खरा रोजचा रस्ता. त्याचे काम अनेक वर्षे रखडले होते. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या भागात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. टोलबाबत एक फरक ध्यानात ठेवावा. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा, सुरुवातीला ३,००० रुपयांचा असलेला फास्टॅग वार्षिक पास, ज्यात वर्षभरात २०० फेऱ्या होतात, तो नांदगाव पेठसारख्या राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्याला चालतो. समृद्धीवर चालत नाही, कारण तो मार्ग राज्याच्या महामंडळाचा आहे.

माती, पाणी, जनावरे : काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता म्हणूनच लाटांसारखा वरखाली होतो आणि गाडीचे सस्पेन्शन व अलाइनमेंट बिघडवतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी फसली तर ॲक्सिलरेटर दाबत राहिल्याने ती आणखी रुतते. चाकाखाली तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्या घालून हळू काढावी लागते. उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन एअर फिल्टर बंद करते. शेतावर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच पाहिला पाहिजे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूचे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर आत क्षारांचा थर बसतो, पाणी फिरेनासे होते आणि गाडी तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई हात भाजवते. कुलंटची बाटली डिकीत असू द्यावी. अगदीच नसेल तर निदान प्यायचे गोडे पाणी घालावे. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असेल तर त्या एका प्रयत्नाने आतला रॉड वाकतो.

रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो. दोन-अडीच क्विंटलचा हा प्राणी दिव्याने बिचकून थांबतो किंवा उलटा वळतो, आणि एक गेला की मागून दुसरा येतो. अंधारात दुसरे भय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे. कापूस किंवा कडब्याने भरलेली, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी, अशी ट्रॉली शंभर फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावायला फार खर्च येत नाही. बाजार समित्यांनी माल उतरवून घेतानाच तो पाहायचे ठरवले तर बरेच जीव वाचतील.

घरासमोर उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात. आठवड्यातून दोनदा गाडी चालू करून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणणे हा त्यावर आणि बॅटरीवरही उपाय आहे.

कागदपत्रे : वऱ्हाडातल्या गाडीमालकाला सर्वांत महागात पडते ती नावावर न केलेली गाडी. सेकंडहँड गाडीचा व्यवहार ओळखीत होतो, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या अर्जावर, सह्या होतात आणि फॉर्म घरच्या कपाटात राहतो. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठी आहेत. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५. हे न केल्यास ई-चलान जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतेच, पण अपघात झाला तर भरपाईही त्याच्यावर येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक. ज्याने गाडी चार वर्षांपूर्वी विकली, त्याच्या शेतावर जप्ती येऊ शकते.

पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते, पाच-पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क कारला ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० करण्यात आले. आई-वडिलांनी जपलेली मारुती ८०० ठेवावी की मोडीत काढावी, हा निर्णय आता भावनेइतकाच पैशांचा आहे.

परवाना : शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. अमरावती हे शिकवणी वर्गांचे शहर. दहावी-बारावीतली मुले गाडी पळवताना तेथे रोज दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

अपघात झाल्यास : रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्यातल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे : नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.