सोडा, धूर आणि गॅलिगू

आज एका कचऱ्याची गोष्ट. विडनेस हे लिव्हरपूलजवळचं गाव. १९व्या शतकात तिथे लब्लां पद्धतीने सोडा बनायचा. साबण, काच, कापड, सगळ्यांना तो लागायचा. मीठ आणि गंधकाचं आम्ल तापवायचं, मग त्यात कोळसा आणि चुनखडी.

आता हिशेब बघा. ८ टन सोड्यामागे साधारण साडेपाच टन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि ७ टन गंधकयुक्त राडा. मालापेक्षा कचरा जास्त! वायू सरळ धुराड्यातून वर. आसपासची झाडं करपायची, शेतकरी कोर्टात जायचे. राड्याचे डोंगर गावाभोवती, त्यांना सडक्या अंड्यांचा वास. लोक त्याला गॅलिगू म्हणायचे.

गंमत म्हणजे उपाय १८३६ सालीच सापडला होता. विल्यम गॉसेज नावाच्या माणसाने एका पडक्या पवनचक्कीत काटक्या भरल्या, वरून पाणी सोडलं आणि वायू त्यातून जाऊ दिला. वायू पाण्यात विरघळला. झालं! तरी कायदा यायला १८६३ उजाडलं: ९५ टक्के वायू अडवलाच पाहिजे. पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ, तोच तो, ‘ॲसिड रेन’वाला. पण कायदा होता हवेपुरता. मग काय, आम्ल नाल्यात!

खरी कलाटणी पैशाने दिली. वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धतींनी त्याच आम्लातून क्लोरीन निघू लागला. तो विरवलेल्या चुन्यावर सोडला की ब्लीचिंग पावडर. कापड आणि कागदवाल्यांना ती हवीच होती. सॉल्व्हे पद्धतीचा स्वस्त सोडा आल्यावर तर लब्लांचे कारखाने या ‘कचऱ्या’वरच तगले. १८८०च्या दशकात क्लाउस आणि चान्स यांनी राड्यातून गंधकही परत मिळवलं. क्लाउसची ती क्रिया आजही रिफायनऱ्यांमध्ये गंधक काढायला वापरतात.

इथवर वाचून मी खूश होतो. मग पावडर भरणाऱ्या कामगारांबद्दल वाचलं. क्लोरीनने भरलेल्या खोलीत शिरायचं, तोंडाला फ्लॅनेलचे थरावर थर गुंडाळून, श्वास त्यातूनच घ्यायचा, आणि फावड्याने पिंपं भरायची. धुराड्यातून गावभर पसरणारा त्रास आता एका खोलीत आला होता. त्या खोलीसाठी १८६३च्या कायद्यात काहीच नव्हतं.