तलावाकाठच्या वह्या

कल्याणच्या काळ्या तलावाकाठी रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मित्र वह्या घेऊन बसतो, तेव्हा येणारा-जाणारा हटकून एकच प्रश्न विचारतो, "सर्वेवाले आहात का?" आम्ही नाही म्हणतो. तरी माणूस हलत नाही. तो वहीत डोकावतो, मग समोरच्या घरांकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "मग कुणाचं घर जाणार आहे?"

सुरुवातीला आम्हाला या प्रश्नाचे हसू यायचे. पुढे इतिहास चाळायला लागलो तेव्हा उमगले की प्रश्न अगदीच वेडगळ नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात कागद मांडीवर घेऊन जी माणसे बसली, त्यांतली पुष्कळशी राज्यकर्त्यांच्या वर्तुळातली होती. इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बेट त्यांच्या ताब्यात आले. १७९१ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला. पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रे केली. पण त्याचा जीव गुंतला तो लेण्यांत. घारापुरी, कार्ले, वेरूळ आणि आपल्या साष्टीतली कान्हेरी. याच कामात असताना नोव्हेंबर १७९५ मध्ये त्याचे ठाण्यात निधन झाले. ज्या शहरात आज आपण मासुंद्याच्या काठी भेळ खातो, त्या शहरात एक परका माणूस चित्रे काढता काढता संपला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

वेल्सच्या वर्तुळात पुण्याचा एक मराठी माणूस होता, गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळ आणि कार्ल्याची रेखाटने केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने कागदावर उतरवला. त्याची चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हात आपल्या मातीतला, कागद मात्र सातासमुद्रापार.

पुढे १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८६८ मध्ये सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटने आणि साचे करून घेण्याचे काम याच शाळेचे प्रमुख टेरी यांच्यावर सोपवले. कल्याणच्या पुढच्याच स्टेशनांजवळचे हे अकराव्या शतकातले मंदिर. त्याच्या भिंतींची झीज तेव्हापासून किती झाली, हे सांगायला ती जुनी कामे उपयोगी पडतात. चित्राचे हे काम आम्हाला मोलाचे वाटते. ते शोभेसाठी भिंतीवर टांगण्यापुरते नसते, तर प्रसंगी साक्षीला उभे राहते.

पण साक्ष कुणाची निघाली? लेण्यांची, मंदिरांची, किल्ल्यांची. या साऱ्यांची निघालीच पाहिजे होती. मात्र तलावाकाठची काळी मशीद, मोतबरखानाची कबर, कल्याणच्या मोहल्ल्यांतली लाकडी खांबांची घरे, भिवंडीत मागांच्या खडखडाटात वाढलेली वस्ती, यांच्यापुढे कागद घेऊन बसणारे क्वचितच. जी वास्तू पाहण्यासारखी म्हणून यादीत चढली, तिचे चित्र झाले. ज्या घरात माणसे नुसती जगली, ते घर यादीबाहेर राहिले.

इथे दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आपण स्वतः का बसलो नाही? एकदा मोहल्ल्यातल्या एका पोराने आम्हाला थेट विचारले, "चाचा, तस्वीर काढणं हराम ना?" पोराला झिडकारण्यात अर्थ नव्हता. प्रश्न घराघरांत आहे आणि उलेमांत मतभेदही आहेत. पण बुखारी शरीफमध्येच हजरत इब्ने अब्बास यांचा प्रसंग आहे. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला त्यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या भिंतींवर आठव्या शतकापासून नदी, झाडे आणि घरे झळकत आहेत. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानच्या इराक मोहिमेबरोबर गेलेल्या मतराकची नसूहने वाटेतली शहरे चितारली. तटबंद्या आहेत, पूल आहेत, मशिदी आहेत आणि माणूस एकही नाही. म्हणजे गाव कागदावर उतरवण्याची रीत आपल्याला परकी नाही. आपणच ती विसरलो.

मराठी मुलखातले आपले उदाहरण तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान. घरात कुराणाच्या हस्तलिखितांची आणि सुलेखनाची परंपरा. शिक्षण जे. जे. मध्ये. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मुंबईत नाव कमावता आले असते, पण ते कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर रंगवत राहिले. महाराज १९२२ मध्ये गेल्यानंतर दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. आबालाल १९३१ साली वारले. एका तलावाला आयुष्य वाहिलेला हा कलावंत आमच्या काळ्या तलावाला मिळाला नाही, याची खंत वाटते. पुढे १९४० च्या दशकात सय्यद हैदर रझा यांनीही आधी मुंबईचे रस्तेच जलरंगांत उतरवले. पॅरिस नंतरचे.

२००७ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये गॅब्रिएल कंपानारिओ या पत्रकाराने शहरे रेखाटणाऱ्यांना एकत्र आणले. नियम साधा. जागेवर बसून, डोळ्यांनी पाहूनच काढायचे. आता जगभर असे गट आहेत, मुंबईतही आहेत. आम्ही कुणी मोठे चित्रकार नाही. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, एकजण शिलाईचे दुकान चालवतो. डोंबिवलीची गर्दी, ठाणे खाडीचा पूल आणि मुंब्र्याच्या डोंगराखालची इमारतींची रांग आम्ही काढली आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबे मुंब्र्यात येऊन वसली. जी घरे मागे राहिली, त्यांची चित्रे त्यांच्यापाशी नाहीत. ही रिकामी जागा आम्हाला सतावते.

"कुणाचं घर जाणार?" असे विचारणारे ते बुजुर्ग शेवटी आमच्या शेजारी टेकले. वहीतले घर पाहून म्हणाले, "इथं एक नाही, दोन खिडक्या होत्या. दुसरी भाऊ वेगळे झाले तेव्हा बुजवली." मग विहीर कुठे होती, ओट्यावर कोण बसायचे, पावसाळ्यात पाणी कुठवर चढायचे, सारे बोलत गेले. आम्ही चित्राच्या पाठीवर भराभर लिहून घेतले. बुजवलेली खिडकी तुटक रेघांनी दाखवली. उठताना म्हणाले, "पुढच्या रविवारी माझं काढा. पाडायच्या आत."

वाचकांना एवढीच विनंती. हात वळत नसला तरी बसा. रेघ वाकडी आली तर येऊ द्या. पण खाली तारीख घाला, मोहल्ल्याचे नाव घाला, कुठे तोंड करून बसला होता ते लिहा आणि शेजारी जो कुणी थांबेल त्याला बोलू द्या. पुढची पिढी आपल्याला विचारील की घर कसे होते, तेव्हा हातात दाखवायला काहीतरी असावे.