सँडो, सूर्यनमस्कार आणि आपलं सुटलेलं पोट

आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला "सँडो" म्हणतात. हा सँडो कोण, असं कधी डोक्यात आलंय? सँडो हा चक्क माणूस होता! युजेन सँडो, जन्म १८६७, जर्मन पहिलवान. लंडनमध्ये त्याने शरीरसौष्ठवाचे खेळ केले, पुस्तकं लिहिली, डंबेल्स आणि स्प्रिंगची उपकरणं विकली. आजच्या भाषेत सांगायचं तर फिटनेसचा पहिला मोठा ब्रँड. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याचे खेळ आपण विसरलो, बनियन तेवढा राहिला :)

तर मंडळी, या वीकेंडची गोष्ट आहे सँडोच्या एका गिऱ्हाइकाची. हे गिऱ्हाईक म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, उर्फ बाळासाहेब. (औंध म्हणजे पुण्यातलं, आयटीवाल्यांच्या फ्लॅटचं औंध नव्हे. हे खटाव तालुक्यातलं, डोंगरावर यमाई असलेलं.) जन्म १८६८, म्हणजे सँडोपेक्षा एका वर्षाने लहान. १८९७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवली आणि व्यायाम सुरू केला. आपल्यातले बरेच जण याच वयात जिमची वर्षाची फी एकरकमी भरतात. फरक एवढाच की बाळासाहेबांनी तो व्यायाम दहा वर्षं केला. आपण दहा दिवस करतो.

पुढे १९०८ च्या सुमारास त्यांनी सँडो सोडून सूर्यनमस्कार धरले. निमित्त झालं त्यांच्या मित्राचं, मिरजेच्या संस्थानिकांचं. ते नमस्कार घालत आणि त्यांच्याकडे पाहून बाळासाहेबांनीही सुरुवात केली. मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या व्यायामाचे फोटो दर २१ जूनला जगभरातून येतात, त्याच्या आजच्या लोकप्रियतेचं मूळ सातारा-सांगलीच्या या टापूत सापडतं.

नमस्कार त्यांनी शोधून काढले असं मात्र नाही. इथे नमस्कार आणि जोर-बैठका आधीपासून होत्याच. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालायचे अशी आख्यायिका आहे. त्यांचे अकरा मारुतीही याच पट्ट्यात आहेत : चाफळ, मसूर, उंब्रज साताऱ्यात, बत्तीस शिराळा आणि बहे-बोरगाव सांगलीत, आणखी दोन पलीकडे कोल्हापुरात. गावोगावी तालमी होत्या. बाळासाहेबांनी केलं ते असं, की या विखुरलेल्या परंपरेला एक ठरावीक रूप दिलं. दहा स्थिती, ठरलेला श्वास, ठरलेला क्रम. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड जुनाच होता, त्यांनी त्याची नीट आवृत्ती काढली, मॅन्युअल लिहिलं आणि सगळ्यांना वाटून टाकली.

१९०९ मध्ये ते गादीवर बसले आणि हे "वाटप" राज्यभर झालं. औंध संस्थान म्हणजे जेमतेम ७२ गावांचं राज्य, तेही सलग नाही. एक तुकडा औंधजवळ, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक पार विजापूरकडे. या गावांतल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. महाराजांनी पुस्तक लिहिलं, प्रात्यक्षिकं दिली, स्वतः रोज नमस्कार घातले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर तेव्हा औंधातच राहायचे, त्यांनीही नमस्कारांचा प्रचार केला. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं महाराजांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. त्याच्या नावाचा अर्थच "आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग". ज्या लंडनहून सँडोच्या स्प्रिंगा आल्या, त्याच लंडनला औंधने परतीचं पार्सल पाठवलं म्हणायचं.

आता मुद्दा. सँडोचा व्यायाम वाईट होता का? मुळीच नाही. पण त्याला उपकरणं लागायची, आणि ती संस्थानिकाला परवडत होती, माण-खटावच्या दुष्काळी गावातल्या मास्तरला नाही. नमस्काराला काय लागतं? पथारीएवढी जमीन आणि काही मिनिटं. पाऊस असो, पाहुणे असोत, प्रवास असो, तो चुकवायला कारणच उरत नाही. व्यायामाचा "परिणाम" किती यापेक्षा तो "रोज होतो का" हा प्रश्न मोठा आहे, हे औंधच्या या वाटेवरून मला शिकण्यासारखं वाटतं.

इथपर्यंत गोष्ट छान चाललीये. पण तिला दुसरी बाजू आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

याच बाळासाहेबांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली (आज पलूस तालुका, सांगली जिल्हा). तिथे काय तयार व्हायला लागलं? लोखंडी नांगर, उसाचे चरक, पुढे पाण्याचे पंप. म्हणजे एकाच छोट्या संस्थानाच्या एका कोपऱ्यातून माणसाचे कष्ट कमी करणारी यंत्रं बाहेर पडत होती, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मुलांना रोज व्यायामाला उभं केलं जात होतं. हे कोणी ठरवून केलं नसेल. पण मागे वळून पाहिलं की वाटतं, आपल्या पुढच्या शंभर वर्षांची पटकथाच तिथे लिहिली जात होती. शरीराचं काम यंत्राकडे जाणार, आणि ते काम वेगळं आठवण ठेवून करावं लागणार. त्यालाच आपण व्यायाम म्हणणार.

सातारा-सांगलीतल्या एखाद्या शेतकरी घराचा तेव्हाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बायका पहाटे अंधारात उठून जात्यावर दळण दळायच्या. मग विहिरीवरून पाणी. पुरुष मोट हाकायचे, बैलांमागून दिवसभर चालायचे. बाजाराला जायचं तर पायी. खाणं म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, कालवण, कांदा, ताक असलं तर ताक. गोड म्हणजे सणाला गुळाची पोळी. मग एकेक गोष्ट बदलत गेली. पिठाची गिरणी आली, जातं अडगळीत गेलं. इंजिन आणि पंप आले, मोट गेली. १९४८ पासून एसटी धावू लागली. १९५० च्या दशकात वसंतदादांनी सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर कृष्णाकाठी कारखान्यांची रांगच लागली आणि ज्वारीच्या रानात ऊस आला. १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली रेशनची मिलो तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. हळूहळू गव्हाची चपाती रोजची झाली आणि भाकरी "आज जरा वेगळं" म्हणून होऊ लागली.

लगेच "जुनं ते सोनं" म्हणून डोळे पुसू नका. ते जातं म्हणजे सुख नव्हतं. पहाटे उठून अर्धपोटी दळणाऱ्या बाईला कोणी विचारलं असतं, तर तिने गिरणीलाच मत दिलं असतं. पंप, एसटी, कारखाना यांनी माणसांचे हाल कमी केले, घरात पैसा आणला. आपण शिकून हिंजवडीपर्यंत आलो त्यातही त्या उसाच्या पैशाचा वाटा आहे. तक्रार यंत्रांबद्दल नाहीच. हालचाल गेली, पण आपली भूक आणि ताट त्या हिशोबाने बदललं नाही, ही खरी अडचण.

तालमीतल्या वस्तादांना हे कधीपासून माहीत होतं! मेहनत सोडली आणि खुराक तोच ठेवला की पैलवान सुटतो. कुंडलच्या मैदानाच्या मुलखात हे कोणी पुस्तकातून शिकत नाही, समोर दिसतं. आपण सगळे तसेच आहोत. आजोबांनी मेहनत केली, आपण फक्त खुराक चालू ठेवला.

थोडं गणित करू, आवडीचा विषय :) दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. वर्षाच्या झाल्या ५८,४००. शरीरातल्या एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे कागदावर साडेसात किलो! प्रत्यक्षात एवढं वजन उतरत नाही, कारण ते कमी होऊ लागलं की शरीराचा खर्चही कमी होतो. पण दिशा कळते. उलट बाजू बघा. एक किलोमीटर चालल्यावर सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण ५० कॅलरी खर्च होतात. एक वडापाव तीनशेच्या आसपास. म्हणजे वडापाव फेडायला सहा किलोमीटर. बारा सूर्यनमस्कारांत फार तर एखाद्या चहातली साखर फिटते. म्हणून नुसत्या नमस्कारांनी पोट जाईल ही आशा सोडा. ताटाकडे बघावंच लागतं.

आणि हो, भाकरीबद्दलचा एक गैरसमज. ज्वारी आणि गहू दोन्हींच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३२० ते ३५० कॅलरी असतात. भाकरीत जादू नाही. भाकरीला तेल लागत नाही, दोन खाल्ल्या की पोट भरतं, आणि तिच्याबरोबर बहुधा पालेभाजी किंवा उसळ येते. फायदा एकट्या भाकरीचा नसतो, सगळ्या ताटाचा असतो.

"पण मी तर बारीकच आहे" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचा एक किस्सा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये "लॅन्सेट"मध्ये स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, तंतोतंत सारखा. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम काय, तर लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत पोचणं! (हा विनोद त्यांच्याच लेखातला.) याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो, आपल्या बाळांचं २.७ किलो. पण आपली बाळं स्नायूंनी जितकी कमी होती, तितकी चरबीने कमी नव्हती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कमी खाऊन राबलेल्या लोकांची आपण नातवंडं, आणि आता एकदम खुर्चीत बसलोय. त्यामुळे साहेबाच्या मानाने थोड्या पोटानेच आपल्याला मधुमेह गाठतो. भारतीय पुरुषाने कंबर ९० सेंमीच्या आत आणि बाईने ८० च्या आत ठेवावी असं सांगतात, ते यामुळेच.

दिलासा देणारी गोष्टही आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालणं आणि साखर-तेल कमी करणं एवढंच करायला सांगितलं होतं, त्यांच्यात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं हललंच नव्हतं! म्हणजे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देणारा माणूस नेमका फायदा होत असतानाच सोडतो.

मला यातून कळलं ते एवढंच. महिन्यात दहा किलो वगैरे जाहिराती म्हणजे सँडोच्या स्प्रिंगा. उत्साह आहे तोवर ताणायच्या, मग माळ्यावर टाकायच्या. त्यापेक्षा यंत्रांनी आपल्या दिवसातून जे काढून घेतलं, त्यातलं थोडं थोडं परत आणता येईल. चौथ्या मजल्यापर्यंत जिना. फोन आला की उठून फेऱ्या. भाजी आणायला गाडी नको. चहात आधी दीड, मग एक चमचा. संध्याकाळच्या भडंगची वाटी भरून घ्यायची, पिशवी घेऊन बसायचं नाही. गावाहून आलेल्या कंदी पेढ्यांतला एक खायचा आणि बॉक्स लगेच टीममध्ये फिरवायचा. आठवड्याला पाव किलो कमी झालं तरी वर्षाला बारा-तेरा किलो होतात, आणि अर्धं जमलं तरी सहा.

सँडो १९२५ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. औंधचे महाराज १९५१ मध्ये, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये, हे डेटावाल्यांना सांगायला नको. पण त्यातल्या एकाने तिशीच्या आत सुरू केलेला व्यायाम, प्रकार बदलला तरी, पुढे चालूच ठेवला, हे खरंच. सोमवारपासून सुरू करू म्हणणाऱ्यांनो, आज रविवार आहे. बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं लागतात.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.